टाकी आपोआप रिकामी होत नाही



मागच्या महिन्यात घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले, मग नव्या कर्जाच्या मागण्या निघाल्या. एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या, दुसरीला शिलाई मशीन. तिसऱ्या एक काकू म्हणाल्या, "ताई, मला पंचवीस हजार पाहिजेत. संडासाची टाकी भरलीय, दुसरी बांधायचीय."

मी म्हटलं, "काकू, भरलीय तर उपसून घ्या की. दुसरी कशाला?"

"उपसायला कोण येतंय, बाई?"

"बांधून किती वर्षं झाली?"

"धाकटीचं लग्न झालं त्या साली बांधली. दहा वर्षं होतील आता."

"मग दहा वर्षांत एकदा तरी उघडली का?"

काकू हसल्या. "गवंडी म्हणला होता, मोठी बांधून देतो, तुमच्या नातवंडांनाबी बघायचं काम पडणार नाही."

बैठक संपली, पण काकूंचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. उपसायला कोण येतंय? संडासाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. संडास बांधायची युक्ती माणसाला दर वेळी सापडली. उपसायचं कुणी, हे मात्र दर वेळी पुढच्यावर ढकललं गेलं. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

सुरुवात फ्रान्समधून करावी लागते. तिथं व्हेसूल नावाच्या गावात मुरास नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी १८६० च्या सुमारास आपल्या घराचा मैला जाण्यासाठी एक बंद टाकी बांधली. बारा-एक वर्षांनी ती उघडली, तेव्हा टाकी घट्ट मैल्यानं गच्च भरलेली असेल असं सगळ्यांना वाटत होतं. आत बघतात तर बहुतेक पाणीच. १८८१ मध्ये मुरास यांनी या टाकीचं पेटंट घेतलं आणि 'आपोआप सफाई करणारी टाकी' म्हणून तिची जाहिरात झाली. मैत्रिणींनो, 'आपोआप' हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या गवंड्यानं काकूंना जे सांगितलं, ते दीडशे वर्षांपूर्वीच्या या शब्दातूनच आलेलं आहे.

त्या टाकीत नक्की काय झालं होतं? आपण दूध तापवून ठेवतो. वर साय येते, खाली दूध राहतं, आणि भांड्याच्या बुडाशी थोडं लागतं. टाकीतही तसेच तीन थर होतात. तेलकट, हलकं ते वर तरंगतं. जड ते खाली बसतं, त्याला आपण गाळ म्हणू. मधे राहतं ते पाणी. जिथं हवा पोचत नाही तिथं जगणारे जिवाणू त्या गाळावर काम करतात, तो कुजवतात, आणि त्याचा बराच भाग पाण्यात आणि वायूत जातो. म्हणून मुरास यांना टाकीत घट्ट मैला कमी दिसला. पण कमी दिसला म्हणजे सगळा संपला असं होत नाही. जे कुजत नाही ते तळाला साचतच राहतं.

पुढं १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशी मोठी टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. सेप्टिक हा मूळ ग्रीक शब्द, कुजवणारं असा त्याचा अर्थ. आज आपल्या वाडी-तांड्यावरची पोरंसुद्धा 'शेप्टी टँक' म्हणतात, ते नाव तिथून आलं.

ही टाकी आपल्या महाराष्ट्रात यायला फार वेळ लागला नाही. मुंबईत १८९० साली म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू केला होता. हेच ॲक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. एकोणिसावं शतक संपता संपता या आश्रमात सेप्टिक टाकी बसवली गेली. मुंबई म्युनिसिपालिटीचे ड्रेनेज इंजिनिअर कार्कीट जेम्स यांनी तिच्यावर लिहून ठेवलं आहे. टाकीतून निघणारं पाणी शेतीला देत आणि निघणारा गॅस साठवून दिव्याला आणि इंजिनाला वापरत. ज्यांना गावानं घराबाहेर काढलं, त्यांच्या आश्रमात एवढी नवी सोय होती. पण तिथं टाकीवर नजर ठेवायला इंजिनिअर होता, शेत बघायला माणसं होती. ती टाकी आपोआप चालत नव्हती.

बाकी शहरांत तेव्हा काय होतं? टोपलीचे संडास. खाली टोपली किंवा डबा, आणि तो उचलून डोक्यावरून नेणारी माणसं. त्यात बायाही होत्या. ठरावीक जातींवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं होतं. आपला जालना त्या काळी निजामाच्या राज्यात. खेडोपाडी संडास नव्हतेच, गावाच्या कडेला हागणदारी होती. बायांनी पहाटे अंधारात जायचं, नाहीतर दिवस बुडायची वाट बघायची. आपल्या आज्यांनी हे केलं, आपल्या आयांनी केलं, आणि माझ्या वयाच्या पुष्कळ जणींनीही लहानपणी केलेलं आहे.

'उपसायचं कुणी' हा प्रश्न सरळ स्वतःच्या अंगावर घेणारा एक माणूस कोकणात झाला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करायचं काम मलाही द्या, असं त्यांनी मागितलं. तुरुंगाचा नियम आड आला, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं असा रिवाज होता. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. ही गोष्ट येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली, तेव्हा डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पासाहेबांसाठी उपवास सुरू केला. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो सुटला. एक शिकलेला ब्राह्मण मैला उचलायचा हक्क मागतो आणि त्यासाठी उपाशी राहतो, हे त्या काळी किती जणांना पटलं असेल, तुम्हीच विचार करा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला. तिथं त्यांनी संडासाचे प्रयोग केले. मैल्यावर माती, पालापाचोळा टाकायचा, तो मुरू द्यायचा आणि त्याचं खत करायचं. आपल्या भाषेत या खताला सोनखत म्हणतात. त्यांचा 'गोपुरी संडास' त्या काळात प्रसिद्ध होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. मैल्याचं जागच्या जागी खत झालं, तर ओला मैला उचलायची पाळी कुणावरच येणार नाही.

त्याच सुमाराला सरकारही या प्रश्नाकडे बघू लागलं. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं सफाई कामगारांची परिस्थिती बघायला बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ ला आला. पण प्रत्यक्षात डोक्यावरची पाटी खाली यायला पुढची कित्येक वर्षं गेली. मैला उचलायला माणूस लावायचा नाही, असा देशाचा कायदा झाला तो १९९३ मध्ये.

आता पुण्याजवळच्या देहूला जाऊ. तुकोबांचं देहू. १९६० च्या आसपास तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर हे तरुण डॉक्टर आले. गावात संडास नव्हते. जंत, हगवण यांचे रोगी रोज येत, औषध घेऊन जात आणि पुन्हा येत. डॉक्टरांच्या लक्षात आलं की खरा दवाखाना संडासात आहे. त्यांनी संडास बांधून घ्यायला सुरुवात केली, पण सुरुवातीचे संडास पावसाळ्यात निकामी झाले. लोक हिरमुसले. डॉक्टर थांबले नाहीत. माती कशी आहे, पाणी कुठं जातं, हे बघून त्यांनी बांधणी बदलली आणि आयुष्यभर हेच काम केलं. अप्पासाहेबांच्या नावानं त्यांनी संस्था काढली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

याच काळात, १९७० च्या आसपास, दोन खड्ड्यांचा संडास देशभर पसरू लागला. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेनं तो मोठ्या प्रमाणावर नेला. ही पद्धत नीट समजून घ्या, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी ती कागदावर असेल. साधारण तीन-साडेतीन फुटांचे दोन खड्डे, जाळीदार विटांचे, तळ मातीचा. मधे चेंबर, त्यातून दोन वाटा. एक वाट विटेनं बंद ठेवायची. पहिला खड्डा पाच माणसांच्या घराला तीन-एक वर्षं पुरतो. तो भरला की वीट सरकवायची, मैला दुसऱ्या खड्ड्यात सोडायचा आणि पहिल्याला निदान वर्ष-दीड वर्ष हात लावायचा नाही. तेवढ्या काळात पाणी मातीत मुरतं, जंतू मरतात आणि कोरडं, वास नसलेलं खत उरतं. ते फावड्यानं काढून घरचा माणूसच शेतात टाकू शकतो. अप्पासाहेब जे सांगत होते, ते इथं साध्य झालं.

मग आपल्या गावात एवढ्या मोठ्या टाक्या कुठून आल्या?

योजना एकामागून एक आल्या. १९८६ मध्ये केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम, १९९९ ला संपूर्ण स्वच्छता अभियान. आपल्या महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. खराटा हातात घेऊन गाव झाडणाऱ्या बाबांच्या नावानं गावं एकमेकांशी चढाओढ करू लागली. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं, बारा हजार रुपये मिळू लागले आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. बायांचा अंधारातला फेरा थांबला, ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी आपल्या गटांनीही घरोघर जाऊन सांगितलं आहे.

पण मोजले गेले ते संडास. जमिनीखाली काय बांधलं, ते फोटोत येत नव्हतं. लोकांना लहान खड्ड्यांचा भरवसा वाटला नाही. एवढ्याशा खड्ड्यात काय होणार, असं म्हणत घरोघरी पदरचे पैसे घालून दहा बाय दहाच्या टाक्या बांधल्या. खरं तर आपल्या देशाच्या प्रमाणाप्रमाणे पाच माणसांच्या घराला सेप्टिक टाकी केवढी लागते? आतून पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, आणि पाण्याची खोली सव्वातीन फूट. एवढीच. तिच्यातला गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढायचा, असा हिशोब त्या मापात धरलेला आहे.

आता टाकी बिघडते का, ते सांगते. मी गावोगाव जे बघते, त्यातली कारणं सारखीच असतात.

पहिलं कारण, टाकीत मधली भिंत नसते आणि आत-बाहेरच्या पाइपांना खाली वाकवलेलं तोंड नसतं. मग वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही पाण्याबरोबर थेट बाहेर वाहतात. दुसरं, शोषखड्डाच नसतो, टाकीचा पाइप सरळ गटारात सोडलेला असतो. टाकीतून आलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू आणि जंतांची अंडी असतातच. हागणदारी गावाबाहेरून उठली आणि गटारातून दाराशी आली, असं होतं.

तिसरं कारण आपल्या मातीत आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी पिणं बंद करते. शोषखड्डा काळ्या मातीतच संपला, तर श्रावणात पाणी उलटं वर येतं. तो मुरमापर्यंत न्यावा लागतो. पण मुरमाखाली आपला काळा पाषाण, त्याला भेगा. त्या भेगांतून पाणी न गाळता विहिरीत, बोअरमध्ये जाऊ शकतं. म्हणून शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साठ फूट तरी लांब हवा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या जिल्ह्यात विहिरीचं घोटभर पाणीही नासवून चालणार नाही.

चौथं कारण आपल्या हातातलं. चकचकीत दिसावं म्हणून आपण ॲसिड आणि फिनेल भरभरून ओततो. त्यानं जिवाणू मरतात, मग मैला कुजणार कसा? न्हाणीचं, धुण्याचं पाणीही टाकीत सोडतो. गाळाला खाली बसायला दिवस-दोन दिवस लागतात, ते पाण्याचा लोंढा मिळू देत नाही. त्यात सॅनिटरी पॅड आणि प्लास्टिक पडलं की पाइप तुंबलाच.

आणि पाचवं कारण सगळ्यात मोठं. टाकी कुणी उघडतच नाही. कित्येक घरी झाकणच ठेवलेलं नसतं, वर फरशी बसवून ओटा केलेला असतो. दहा-पंधरा वर्षं गाळ साचतो, दबतो आणि दगडासारखा घट्ट होतो. मग मैला उपसायची गाडी आली तरी तिचा पाइप वरचं पाणी ओढतो, तळाचा गाळ येत नाही. तेव्हा कुणीतरी म्हणतं, एखादा माणूस आत उतरवा.

मैत्रिणींनो, इथं माझा आवाज जड होतो. मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं शेतातल्या आखाड्यावर सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर गेले. एका संध्याकाळी पाच माणसं. टाकीत साचलेला वायू डोळ्याला दिसत नाही. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त असला की नाकच बधिर होतं आणि वास कळेनासा होतो. माणसाला वाटतं, आता काही नाही. दोन श्वासांत तो पडतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा टाकीत पुष्कळदा एकापाठोपाठ एक माणसं मरतात.

२०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. हा नियम नगरपालिकेला आहे, ठेकेदाराला आहे आणि घरमालकालाही आहे. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असं काम करताना मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं. तेव्हा ती दहा लाख होती, २०२३ मध्ये तीस लाख केली. पण तीस लाखांनी कुणाचं कुंकू परत येत नाही. आणि टाकीत उतरणारा माणूस कोण असतो, ते तुम्हाला माहीत आहे. १९३२ मध्ये तुरुंगात ज्याच्यासाठी नियम होता, तोच असतो. नाहीतर ज्याला त्या दिवशी मजुरी मिळाली नव्हती, तो.

यावर उपाय सापडलेला आहे आणि तोही आपल्याच राज्यात. साताऱ्याकडच्या वाई नगरपालिकेनं २०१८ मध्ये आणि पुढं नाशिककडच्या सिन्नरनं ठरवलं की टाकी भरून वाहायची वाट बघायची नाही. शहराचे भाग पाडायचे आणि पाळीपाळीनं तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी गाडीनं उपसायची. दर तीन वर्षांनी उपसली की गाळ घट्ट होत नाही, गाडीच्या पाइपानं येतो, माणूस उतरवायची वेळ येत नाही. काढलेला गाळ ओढ्यात न ओतता शुद्धीकरण केंद्रात नेतात. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात गावांच्या मैलागाळाचाही विचार केलेला आहे. तेव्हा ग्रामसभेत आपण विचारायचं, आमच्या गावाला गाडी कुठून येणार, कधी येणार आणि गाळ नेऊन कुठं टाकणार? रस्ता आणि दिवे आपण मागतो, तसंच हेही मागायचं.

त्या बैठकीत काकूंच्या कर्जाचं काय झालं, ते सांगते. गटानं पंचवीस हजार दिले नाहीत. आधी फरशी फोडून झाकण करायचं आणि गाडी बोलवायची, त्यापुरतं कर्ज मंजूर केलं. उरलेल्यात पाइपाची तोंडं नीट करायची आणि गटारातला पाइप काढून मुरमापर्यंत शोषखड्डा घ्यायचा, असं ठरलं. गाडीच्या पाइपानं गाळ नाही आला तर? तेव्हा त्यात पाणी सोडून, ढवळून, पुन्हा गाडी बोलवायची, पण माणूस उतरवायचा नाही. हा ठराव रजिस्टरला लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे दिले.

एका आजींनी शेवटी एक गोष्ट सुचवली, ती मला फार आवडली. आपण लेकराच्या लसीची तारीख कार्डावर लिहून ठेवतो. तशी टाकी उपसल्याची तारीख संडासाच्या भिंतीवर तेलरंगानं लिहायची आणि खाली पुढची तारीख लिहायची, तीन वर्षांनंतरची. म्हणजे घरात कुणीही आलं, सून आली, भाडेकरू आला, तरी दिसेल.

आज संध्याकाळी घरी विचारा, आपली टाकी शेवटची कधी उघडली होती? उत्तर आलं नाही, तर आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

नमस्कार.